‘कमला’ : बंदिवास, विवाह आणि वाचकाची अपेक्षा

विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’विषयी दोन आक्षेप संभवतात. पहिला रचनेचा: शोधपत्रकारितेपासून निघालेले नाटक विवाहसंस्थेकडे वळते व त्याचे केंद्र ढळते. अश्विनी सरीन यांच्या १९८१ मधील वृत्तांताची पार्श्वभूमी ठाऊक असलेला वाचक उत्कंठेने स्फोटाचीच वाट पाहतो. या अपेक्षेपायी तो नकळत जयसिंगच्या भूमिकेत शिरतो. विकत आणून घरात दडवलेली कमला त्यालाही केवळ पुरावा वाटू लागते. कमला मात्र सरितालाच तिची किंमत विचारते. तिच्या अनुभवविश्वात घर सांभाळणारी प्रत्येक स्त्री खरेदीचीच असते. नाटकाचे केंद्र या निरागस प्रश्नात आहे.

दुसरा आक्षेप शेवटाचा. नोकरी गमावलेल्या जयसिंगपाशी सरिता थांबते, ही काहींना माघार वाटेल. परंतु तिने बंड सोडलेले नाही, लांबणीवर टाकले आहे. कुलपाविना चालणारा बंदिवास करुणेच्याही आधाराने टिकतो, हे या लांबणीवर पडण्यातून प्रत्ययास येते. सरिताच्या तत्काळ सुटकेची मागणी करणारा वाचक नेमके हेच पाहण्याचे टाळतो.