अहिल्याबाई: पुण्यकथा आणि राज्यकथा

परक्या देशातील राणीचे चरित्र हाती आले की आपण त्यात चटकदार कथा शोधतो आणि आपल्या राणीचे आले की पुण्यकथा. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन आणि महेश्वरच्या अहिल्याबाई होळकर या दोघींच्या वाट्याला नेमके हेच आले आहे. वास्तविक दोघी समकालीन. अहिल्याबाईंचा काळ १७२५ ते १७९५, कॅथरीनचा १७२९ ते १७९६. दोघींनीही तीस वर्षांच्या आसपास राज्य केले. पण एकीच्या चरित्रात प्रियकरांची मोजदाद होते आणि दुसरीच्या चरित्रात देवळांची. राज्य दोन्हीकडे बाजूलाच राहते.

पीटर्सबर्गमध्ये १८७३ साली उभारलेल्या कॅथरीनच्या पुतळ्याच्या हाती राजदंड आहे. अहिल्याबाईंचे पुतळे इंदूरपासून आपल्या पिंपरीतील मोरवाडीपर्यंत आहेत. पण मराठी घरांत रूढ झालेले चित्र म्हणजे पांढरे वस्त्र, खाली झुकलेली नजर आणि तळहातावर शिवलिंग. हे चित्र खोटे नव्हे. चरित्रकारांनी त्याचा अर्थ तेवढा अपुरा लावला, अशी माझी तक्रार आहे.

होळकरांच्या दरबारातून आज्ञा सुटत, त्या श्रीशंकराच्या नावाने. आपले चरित्रकार हे केवळ भक्तीचे लक्षण मानतात. पण त्या काळाचा विचार करून पाहावा. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ साली गेले आणि पुत्र मालेराव १७६७ साली. मागे उरलेली विधवा गादीवर कोणत्या हक्काने बसणार? गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना दत्तक बसवून कारभार आपल्या हाती ठेवायचा होता आणि राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले होते. अशा वेळी राज्य शंकराचे आणि आपण त्याच्या कारभारी, ही भूमिका श्रद्धेची तर होतीच, शिवाय मुत्सद्देगिरीचीही होती. जर्मन घराण्यात जन्मलेल्या सोफीने १७४४ साली रशियन पंथ स्वीकारून कॅथरीन हे नाव घेतले, त्यात आपण राजकारण पाहतो. तीच दृष्टी महेश्वरकडे वळवायला आपण का कचरतो?

अहिल्याबाईंनी त्या पेचात माधवराव पेशव्यांशी पत्रव्यवहार करून त्यांची मान्यता मिळवली, लढाईचीही तयारी ठेवली आणि सैन्याची धुरा तुकोजी होळकरांकडे दिली. हे एकाएकी साधलेले नव्हते. १७६५ सालच्या एका पत्रात मल्हारराव सुनेला तोफखाना आणि दारूगोळा यांच्या व्यवस्थेविषयी सूचना करतात. ज्या बाईला सासरा तोफांविषयी लिहितो, ती केवळ जपमाळ ओढणारी असेल काय?

दानधर्माचेही तेच. काशीपासून सोमनाथपर्यंतची देवळे, घाट, विहिरी, अन्नछत्रे यांची यादी प्रत्येक चरित्रात असते. खर्च कोठून झाला, हे फार थोडे सांगतात. तो मुख्यत्वे खासगीतून, म्हणजे दौलतीपासून वेगळ्या ठेवलेल्या उत्पन्नातून झाला. या दानाविषयी जॉन माल्कमने शंका घेतली, तेव्हा माळव्यातील एका जाणत्या ब्राह्मणाने त्याला उत्तर दिले की याच्या दुप्पट पैसा फौजेवर ओतूनही बाईंना मुलूख इतकी वर्षे शांत ठेवता आला नसता. माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे नोंदवले आहे. एका परकी अधिकाऱ्याला दानामागचे राजकारण ऐकू आले आणि आपण मात्र कळसच मोजत बसलो!

पुण्यकथेने आणखी एक नुकसान केले. देवीला राग येत नाही, तिचे कोणाशी बिनसत नाही आणि ती हरतही नाही. खऱ्या अहिल्याबाईंचे पैशावरून तुकोजींशी खटके उडत, महादजी शिंद्यांशी कुरबुरी होत. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचे बंड त्यांनी कठोरपणे मोडले. आणि १७९१ साली विधवा झालेली मुलगी मुक्ता सती जायला निघाली, तेव्हा सारी सत्ता हाती असूनही त्या तिला थांबवू शकल्या नाहीत. जी स्वतः सती न जाता जगली आणि राज्य करती झाली, तिच्यावर ही वेळ यावी! या प्रसंगात एका सबंध कादंबरीचा ऐवज आहे. आपण त्याचे दोन ओळींत गंगाजल करून टाकतो.

कॅथरीनने निदान आपली कैफियत स्वतः लिहून ठेवली. तिच्या फ्रेंच आठवणी १८५९ साली लंडनमध्ये छापल्या गेल्या. त्यामुळे तिचा डामडौल, तिचा १७६७ सालचा कायद्याचा मसुदा आणि तिच्या राज्यात भूदासांची झालेली दैना हे सारे ताडून पाहता येते. अहिल्याबाईंनी आत्मचरित्र लिहिले नाही, परंतु त्यांची पत्रे आणि महेश्वर दरबारची बातमीपत्रे आहेत. विनया खडपेकर यांनी आपल्या पुस्तकाचे नावच 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर' असे ठेवले, ते उगीच नव्हे.

२०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षे झाली. त्यांच्या जन्मजिल्ह्याला आता त्यांचेच नाव आहे. हार आणि नावे भरपूर झाली. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आज कितीतरी मुली हिशेब राखतात, माणसे सांभाळतात आणि वरिष्ठांच्या नाराजीलाही तोंड देतात. त्यांनी देवीपुढे हात जोडावेत आणि निघून जावे, एवढेच आपल्याला हवे आहे काय? वसूल गोळा करणारी, वकिलांना तंबी देणारी, चुकणारी आणि पुन्हा सकाळी दरबारात बसणारी बाई त्यांच्या हाती पडू द्या. अशा बाईशी त्यांना बोलता येईल.