फळी गेली, ‘पाहा’चं कार्डही गेलं

आजचा विषय वरकरणी ग्रंथपालांचा आहे. ग्रंथालयातलं वर्गीकरण इंटरनेटवरच्या माहितीला लावता येतं का? ‘ते जुनं झालं, आता शोधयंत्र आहे की’ असं एक उत्तर लगेच येतं. ‘लावायलाच हवं’ असं दुसरं येतं. मला दोन्ही अर्धवट वाटतात. का, ते सांगतो.

आधी मुळाशी जाऊ. पुस्तक ही वस्तू आहे, ती एका वेळी एकाच फळीवर राहते. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरण मांडलं ते ही अडचण धरूनच. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा उपवर्ग, अशी उतरंड. प्रत्येक पुस्तकाला एक जागा. पण त्याची किंमत बघा. मराठी भाषा ४९१.४६ मध्ये आणि मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये. म्हणजे व्याकरणाकडून कवितेकडे जाताना वाटेत विज्ञान लागतं, शेती लागते, स्वयंपाकही लागतो! धर्माच्या २०० या वर्गात २२० पासून २८० पर्यंतची घरं ख्रिस्ती धर्माकडे, आणि हिंदू, बौद्ध, इस्लाम वगैरे सगळे २९० च्या एका खोलीत. फळी कुणी लावली, ते फळीवर दिसतंच.

आता १९९४ साली या. याहूची सुरुवात झाली ती स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या संकेतस्थळांच्या यादीतून. यादी वाढली तशी तिची उतरंड झाली. वर्ग, उपवर्ग, त्याखाली आणखी उपवर्ग. मंडळी, इथे फळी नव्हती! एकच नोंद दहा ठिकाणी ठेवायला काही अडचण नव्हती. तरी विचार फळीचाच राहिला. एखादा वर्ग दुसरीकडे दाखवायचा तर त्यापुढे एक खूण, म्हणजे ‘खरं घर तिकडे आहे’. ती निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली. स्वयंसेवकांनी १९९८ पासून चालवलेली डीमॉझ २०१७ मध्ये गेली. मग सगळे म्हणाले, बघा, ग्रंथालयाची पद्धत इथे चालत नाही.

पण कुठली पद्धत? ग्रंथालयशास्त्र ड्यूईंपाशी थांबलं नव्हतं. शि. रा. रंगनाथन यांचं द्विबिंदू वर्गीकरण १९३३ सालचं. लंडनच्या दुकानात मेकॅनोचा संच पाहून त्यांना ही कल्पना सुचली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. विषयांची घरं आधी बांधून ठेवायची नाहीत, सुटे भाग तयार ठेवायचे आणि पुस्तक समोर आलं की जोडायचे. फुप्फुसं, क्षयरोग, उपचार, क्ष-किरण, भारत, १९५०: प्रत्येक गोष्ट वेगळा पैलू. रंगनाथन यांनाही शेवटी हे पैलू एका ओळीत लावावे लागले, कारण पुस्तक ठेवायचं होतं फळीवरच. संगणकाला ती ओळ लागत नाही, कुठल्याही पैलूपासून आत शिरता येतं. ऑनलाइन साडी घेताना तुम्ही ‘सुती’, ‘हिरवी’, ‘दोन हजारांच्या आत’ अशा खुणा करता ना? तेच हे. म्हणजे इंटरनेटने ग्रंथालयाकडून घेतलं ते नेमकं जे इथे नको होतं ते, आणि हवं ते कपाटात राहिलं.

यावरचा सर्वांत गाजलेला आक्षेप क्ले शर्की यांच्या २००५ च्या निबंधातला. तज्ज्ञांची उतरंड नको, लोकांना हवे ते शब्द चिकटवू द्या, असं त्यांचं म्हणणं. फळीबद्दल ते बरोबर आहेत. पुढे ते म्हणतात, समानार्थी शब्द एकत्र करू नका, कारण ‘सिनेमा’ म्हणणारा आणि ‘मूव्ही’ म्हणणारा माणूस वेगळा असतो. मुद्दा बिनतोड वाटतो. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचं. माणूस एक, नावं दोन. कवितेला एक, नाटकाला दुसरं. दोन्ही नावं एक करून टाकली तर काहीतरी हरवतं, हे मान्य. पण न जोडता तशीच सोडली, तर नवख्या वाचकाला अर्धा लेखकच सापडतो.

जुन्या ग्रंथालयात यावर उत्तर होतं. तालिकेच्या खणात एक कार्ड असायचं: ‘हेही पाहा’. ते दोन नावं पुसत नाही, एकातही कोंबत नाही. फक्त वाट दाखवतं. गोविंदाग्रज काढलं की राम गणेश गडकरी दिसायचे आणि तिथून बाळकराम. शर्की यांच्या युक्तिवादात एक तर उतरंड आहे किंवा मोकळीक. मधलं हे कार्ड त्यात नाही. फळी काढताना त्यांनी ग्रंथपालालाही बाहेर काढलं, असं मला वाटतं.

आता आमच्या बाजूचीही झाडाझडती घेऊ. पैलू, कार्डं, सगळं छान, पण भरायचं कुणी? दुकानदार साडीचे पैलू भरतो, कारण न भरलेली साडी विकली जात नाही. स्कॅन करून चढवलेल्या जुन्या मराठी पुस्तकात कुणाचे पैसे अडकलेत? ज्ञानेश्वरीचं नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहितात, आणि ‘भावार्थदीपिका’ म्हणून ठेवलेली प्रत तर त्या शोधात येतच नाही. पुस्तक जगासमोर आहे आणि तरी नाही. रंगनाथन यांचं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तो वाचतो, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी आपला वेळ घातलेला असतो. पद्धतीची चर्चा करणारे आम्ही लोक हा खर्च सांगतच नाही.

यंत्र शब्द ओळखेल, उद्या आणखी चांगलं ओळखेल. पण दोन नावांचा माणूस एकच, हे कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय त्यालाही कळायचं कसं? विकिडेटावर प्रत्येक नोंदीला ‘इतर नावे’ अशी जागा आहे, मराठीतही. तेच आपलं जुनं कार्ड. आज घरी गेल्यावर तुमच्या आवडत्या एका लेखकाची नोंद उघडा. टोपणनाव नसेल तर घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

आता प्रश्न घेऊ या.