खांद्यावरचा हात : ऑपेरा, रसिक आणि आपण

मराठी समीक्षेत 'रसिक' हा शब्द फार सोवळ्यानं वापरला जातो. रसिक म्हणजे ज्याला गाव नाही, जात नाही, पोट नाही असा कुणीतरी. तो नाट्यगृहात शिरतो, दिवे मंदावतात, तो स्वतःला विसरतो आणि रसात बुडतो. संस्कृत काव्यशास्त्रानं याला 'साधारणीकरण' असं भारदस्त नाव दिलं. प्रस्थापित प्राध्यापक अजून तेच घोकतात. आपला सवाल एवढाच : स्वतःला विसरायची मुभा कुणाला आहे?

हा सवाल तपासायला मुद्दाम लांब जाऊ. ऑपेरा घेऊ. मुंबईत ऑपेरा हाऊस म्हणजे पुष्कळांना बसस्टॉपचं नाव. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलेली ती इमारत पुढं सिनेमाचं थिएटर झाली, १९९३ ला बंद पडली, २०१६ ला पुन्हा उघडली. पण युरोप-अमेरिकेत ऑपेरा म्हणजे अभिजनांच्या कलेचा कळस. सगळं नाटक गाण्यातून, समोर मोठा वाद्यवृंद, आणि प्रेक्षागृहात पैशानुसार मजले. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊस १८८३ साली उभं राहिलं तेच मुळी खुर्चीच्या भांडणातून. जुन्या घराण्यांनी आधीच्या थिएटरातले बॉक्स धरून ठेवले होते, नव्या गबरांना मिळेनात, म्हणून त्यांनी स्वतःचं थिएटर बांधलं. म्हणजे गोऱ्या कोट्यधीशालासुद्धा ठाऊक होतं की ऑपेरात कान नंतर, आधी जागा.

आता काळा माणूस तिथं गेला तर काय होतं? डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस यांच्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या १९०३ च्या पुस्तकात तेरावं प्रकरण ही एक कथा आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिलं तेच हे दुबॉईस. कथेतला जॉन जॉर्जियातल्या खेड्यातला काळा पोरगा. शिकायला बाहेर पडतो. न्यूयॉर्कात गर्दीच्या रेट्याबरोबर एका थिएटरात शिरतो, जपून ठेवलेली पाच डॉलरची नोट खिडकीत सरकवतो आणि खुर्चीवर जाऊन बसतो. वाग्नरचा 'लोहेनग्रीन' चालू होतो. पोरगा हरखून जातो. आजवर सोसलेलं सगळं त्या सुरांत वर उचललं जातं. त्याला आई आठवते, बहीण आठवते, आपणही काही मोठं करावं असं वाटतं. साधारणीकरण म्हणतात ते हेच की! आणि नेमक्या त्याच वेळी खांद्यावर हात पडतो. थिएटरचा नोकर. जरा बाहेर या. बाहेर मॅनेजर गोड बोलून सांगतो की आधीच दिलेली जागा चुकून तुम्हाला विकली गेली, पैसे परत देतो. शेजारच्या खुर्चीवर असतो त्याच गावच्या जज्जाचा गोरा मुलगा. त्याचंही नाव जॉन, लहानपणचा खेळगडी.

या कथेचं मोठेपण इथं आहे. दुबॉईस संगीताला खोटं ठरवत नाहीत. जॉनचा अनुभव शंभर टक्के खरा आहे, कदाचित त्या प्रेक्षागृहात सगळ्यात खरा. पण रसिकाला नुसते कान असतात. आपल्याला पाठ आहे, खांदा आहे. आपण ऐकत असतो तेव्हासुद्धा पाठ जागी असते. कलेचा अनुभव सूर आणि हात दोन्ही मिळून होतो. ज्या समीक्षेला सूर ऐकू येतो आणि हात दिसत नाही, ती समीक्षा त्या मॅनेजरच्याच बाजूची.

पुढं जॉन गावी परततो, शाळा काढतो. जज्ज शाळा बंद पाडतो. त्याचा मुलगा जॉनच्या बहिणीवर हात टाकतो. जॉन त्याला मारतो आणि जमाव अंगावर येईपर्यंत वाट पाहत बसतो. त्या क्षणी तो 'लोहेनग्रीन'मधलं गाणं गुणगुणतो. इथं आपण दुबॉईसांनाही हटकलं पाहिजे. मरताना ओठांवर वाग्नर का? ज्या वाग्नरनं १८५० साली ज्यूंविरुद्ध विषारी लेख लिहिला तो? आणि स्वतः दुबॉईसांनी तर याच पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या गाण्याची सुरावट छापलीय! माझं उत्तर असं : जॉननं सूर चोरले नाहीत, पाच डॉलर मोजलेत. ते सूर त्याचे आहेत. पण त्या थिएटरनं माणूस म्हणावं म्हणून तो थांबला असता तर तो संपला असता. सूर घ्यावा, सर्टिफिकेट मागू नये.

कथा सोडा, इतिहास बघा. १९३६ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात गर्श्विनचा 'पोर्गी अँड बेस' आला. रंगमंचावर काळे गायक, प्रेक्षागृहात काळ्यांना बंदी. पोर्गी गाणारे टॉड डंकन त्याच शहरातल्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवत होते. त्यांच्याच विद्यार्थ्यांना त्यांचं गाणं ऐकता येणार नव्हतं. डंकन आणि बेस गाणाऱ्या अ‍ॅन ब्राउन अडून बसले : आमच्या माणसांना खुर्ची नाही तर आम्ही गाणार नाही. थिएटर झुकलं. तेवढ्या प्रयोगांपुरतं. खेळ हलला आणि बंदी परत आली. पुढं नटांच्या संघटनेनं बहिष्काराचं हत्यार उगारलं, तेव्हा मालकांनी काय करावं? १९४८ मध्ये नाटकंच बंद करून सिनेमा लावला. काळ्याला खुर्ची देण्यापेक्षा रंगमंच रिकामा बरा. १९२७ मध्ये महाडला तळं 'शुद्ध' करून घेणाऱ्यांचे हे सख्खे भाऊ. तिथं पाणी बाटलं, इथं खुर्ची.

मेट्रोपॉलिटनमध्ये पहिली काळी गायिका मुख्य गायकांत उभी राहिली ७ जानेवारी १९५५ ला. मॅरियन अँडरसन. तोवर वय ५७. भूमिका कुठली? व्हेर्दीच्या ऑपेरातली भविष्य सांगणारी उल्रिका. मूळ संहितेत न्यायाधीश तिच्या काळ्या रक्ताला घाणेरडं म्हणतो. दार उघडलं तेही असं. काळ्या संगीतकाराचा ऑपेरा त्या संस्थेत व्हायला २०२१ साल उजाडलं. टेरेन्स ब्लँचर्ड त्याचं नाव. १८८३ ते २०२१, हिशेब करा. खुर्ची आधी मिळाली, गळा नंतर मिळाला, लेखणी सगळ्यात शेवटी.

आपल्याकडं गणित उलटं मांडलं गेलं. नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय म्हणतो, शूद्रांना वेद ऐकता येत नाही म्हणून सगळ्या वर्णांसाठी नाट्याचा पाचवा वेद केला. वा! दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह बांधायची रीत आहे. तिथं खांबसुद्धा वर्णवार : ब्राह्मणाचा, क्षत्रियाचा, वैश्याचा, शूद्राचा. पाचवा खांब नाही. अतिशूद्रानं कशाला टेकायचं? तमाशात तर बोर्डावर आपलीच माणसं नाचली-गायली आणि पुढच्या बैठकीला पाटील. अमेरिकेत काळ्याला खुर्चीही नाही, रंगमंचही नाही. इथं रंगमंच आपल्या अंगावर टाकला आणि खुर्ची स्वतःकडं ठेवली. म्हणून रंगमंचावर दिसणं म्हणजे मुक्ती, हा भ्रम आपण तरी बाळगू नये.

हे गणित फोडलं आंबेडकरी जलशांनी. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचाच साचा घेतला, आत बाबासाहेबांचा विचार भरला. गाणारा आपला, लिहिणारा आपला आणि समोर बसलेलाही आपला. त्या जमिनीवरच्या बैठकीत कुणाच्या खांद्यावर हात पडला नाही. प्रस्थापित समीक्षेनं त्याला 'प्रचार' म्हणून बाजूला सारलं. म्हणू दे. जिथं माणूस पाठ राखायची काळजी न करता ऐकू शकतो, तिथंच रसास्वाद खरा सुरू होतो. साधारणीकरण ही देणगी नाही, ती लढून मिळवायची गोष्ट आहे.

मित्रांनो, १९७२ साली ब्लॅक पँथरचं नाव आपल्या तरुणांनी घेतलं ते उगाच नाही. तेव्हा यापुढं कुठल्याही नाटकाचं, गाण्याच्या मैफलीचं, ऑपेराचं परीक्षण लिहाल तर फक्त रंगमंचाकडं बघून लिहू नका. मागं वळून बघा. पुढच्या रांगेत कोण, मागं कोण, दाराबाहेर कोण, रात्री खुर्च्या उचलणारा कोण. तिकिटाचा दर लिहा. मग सुरांबद्दल लिहा, आणि सूर चांगला असेल तर चांगला म्हणा. त्यात कंजुषी नको. पण डंकननं विचारलं तेच आधी विचारा : आमची माणसं कुठं बसणार?

जय भीम.