क्रमशः प्रकाशन आणि हरिभाऊंची निवेदनपद्धती

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळ हा मराठी समीक्षेने वारंवार नोंदविलेला दोष होय. त्याचे कारण म्हणून त्यांच्या क्रमशः लेखनाकडे बोट दाखविण्यात येते. हे निदान चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. हप्त्याची सक्ती त्यांच्या बहुतेक कादंबऱ्यांना सारखीच होती. मग तिचा परिणाम सर्वत्र सारखा का झाला नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

१८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू झाल्यावर हरिभाऊ त्या पत्राचे संपादक आणि प्रमुख लेखकही झाले. अशा लेखकाची अडचण दुहेरी असते. अंकाचा दिवस टळत नाही, म्हणून स्फूर्तीची वाट पाहता येत नाही. आणि वाचकाच्या हाती गेलेले प्रकरण परत घेता येत नाही, म्हणून शेवट सुचल्यावर त्याला अनुरूप असा आरंभ करता येत नाही. पुनर्लेखनासारखे महत्त्वाचे साधन, निदान पहिल्या वाचकापुरते, लेखकाच्या हातून जाते.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी याच पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. तीत यमुना आपली जीवनकथा स्वतःच सांगते. या निवेदनाने वाचकाची सहानुभूती मिळते, हे सर्वमान्य आहे. त्याचे रचनेतील कार्य मात्र दुर्लक्षित राहते. आठवणी सांगणारी व्यक्ती मध्येच मागे वळते, आडवाटेला जाते, राहून गेलेले मागाहून जोडते. तिच्या तोंडी ही सैलता स्वाभाविक वाटते. बालपण, मैत्रीण दुर्गीचे हाल, सासरचा जाच, पतीसमवेत मुंबईत काढलेले मोकळे दिवस, हे सारे स्मरणाच्या एकाच सूत्रात ओवले जाते. शिवाय सांगणारीला शेवट ठाऊक आहे. त्यामुळे सुखाच्या प्रसंगांवरही भावी वैधव्याची छाया पडते आणि केशवपनाचा प्रसंग अकस्मात येऊनही अनपेक्षित वाटत नाही.

‘उषःकाल’ (१८९५–९७) या ऐतिहासिक कादंबरीत निवेदन लेखकाकडे आहे. रहस्य राखून ठेवणे, पात्रांना संकटात सोडून अन्यत्र वळणे, त्याविषयी वाचकाशी संवाद करणे, या युक्त्या दर आठवड्यास उत्कंठा टिकवितात. सलग वाचनात मात्र त्यांचे सांधे उघडे पडतात. येथील विलंब कोणाच्या मनःस्थितीतून येत नाही. तो अंकाच्या गरजेतून येतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, हा भेद तंत्राचा नसून विषयाचा आहे. समकालीन मध्यमवर्गीय जीवन हरिभाऊंच्या निकट परिचयाचे होते, इतिहास तसा नव्हता. आक्षेपात तथ्य आहे. तथापि ‘मधली स्थिती’ (१८८५) हीदेखील समकालीन समाजाचेच चित्रण करते व तीही क्रमशःच प्रसिद्ध झाली. पहिली कृती म्हणून तिला काही सवलत दिली, तरी तिच्यातील विस्कळीतपणा केवळ विषयाच्या परिचयाने टळला नाही, हे स्पष्ट आहे.

‘कर्मयोग’ अपूर्णच राहिली. सक्तीची ही किंमत नाकारता येत नाही. परंतु यमुनेच्या निवेदनात त्याच सक्तीला कलात्मक प्रयोजन लाभले. ‘करमणुकी’तील मूळ हप्ते आणि ग्रंथरूप आवृत्त्या यांची प्रकरणशः तुलना झाल्यास या मताची कसोटी लागेल. अभ्यासकांनी हे काम हाती घेणे इष्ट होय.