रात्रपाळीला कोण आहे?

मुलाला इंग्लिश मीडियमला 'टाकलं' असं कुणी सांगितलं की आपण लगेच पुढचं विचारतो. कुठली शाळा? वर्गात मुलं किती? बाई कशा आहेत? बसमध्ये मावशी असते का? वडलांना वृद्धाश्रमात 'टाकलं' म्हटलं की मात्र पुढचा प्रश्न येत नाही. क्रियापद तेच, पण तिथे वाक्य संपतं. ऐकणाऱ्याचा निकाल देऊन झालेला असतो. आश्रम कसा आहे, आंघोळ कोण घालतं, रात्री उठायचं झालं तर कोण येतं, हे विचारावंसं कुणाला वाटत नाही.

गेले चार महिने मला फक्त तेवढंच विचारायचं आहे. बाबा ६४ वर्षांचे आहेत. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले. आई आधीच गेली. मागच्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला आणि उजवा हात-पाय गेला. बोलणं सावकाश आहे, पण डोकं एकदम जागेवर. मी एकुलता एक, नोकरी हिंजवडीला. ब्युरोकडून येणारे मामा दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात आणि एखाद्या सकाळी येतच नाहीत. म्हणून बाबांनीच विषय काढला आणि आम्ही पुण्यातली चार ठिकाणं बघून आलो.

बघताना जाणवलं की चांगलं काय आणि वाईट काय हे ठरवायला माझ्याकडे शब्दच नाहीत. हॉस्टेल, मेस, फोन, गाडी, यांची पारख कशी करायची हे मला कळतं. याची नाही. हे शब्द आपल्याकडे का नाहीत याचं एक कारण आपल्या नाटक-सिनेमांत आहे, असं मला वाटतं. हा लेख त्याबद्दल आहे.

आरोपी कोण, एवढंच

म्हातारपणाबद्दलचं आपलं सगळ्यात गाजलेलं नाटक 'नटसम्राट'. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० मध्ये रंगमंचावर आलं. माझ्या वयाच्या बहुतेकांनी ते २०१६ मधल्या नाना पाटेकरांच्या सिनेमातून पाहिलं. अप्पासाहेब बेलवलकर मुलांना सगळं वाटून मोकळे होतात, मुलाकडे राहतात, मग मुलीकडे, आणि तिथे चोरीचा आळ आल्यावर घराबाहेर पडतात. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' त्याच दशकातलं. नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. तिथे मुलं खलनायक नाहीत. ती फक्त जवळ नाहीत, आणि ती पोकळी भरायला नाना-नानी अनोळखी माणसांनाही घरात बोलावतात.

दोन्ही नाटकं मोठी आहेत. पण दोन्हींत म्हातारपण म्हणजे एक तर अपमान, नाही तर एकटेपण. शरीर त्यात फारसं येत नाही. बेलवलकरांना संडासपर्यंत कुणी धरून न्यावं लागत नाही. नानांना कुशीवर वळवायला कुणी लागत नाही. त्यामुळे दोन्ही नाटकं बघून बाहेर पडताना आपल्या मनात एकच प्रश्न असतो: मुलं कशी वागली? म्हाताऱ्या माणसाचा दिवस कसा गेला, त्या दिवसाची कामं कुणी केली, हा प्रश्न उरत नाही.

कायदासुद्धा याच तालात लिहिलेला आहे. २००७च्या 'आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण' कायद्यात ज्येष्ठाला सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ही बाजू ठणठणीत. वृद्धाश्रमांबद्दलच्या कलमात मात्र भाषा मऊ होते. सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा आश्रम उभारू 'शकेल'. तिथल्या सेवांची मानकं ठरवू 'शकेल'. सगळ्या केअर होम्सना नोंदणी आणि किमान मानकं लागू करणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण ती लोकसभा संपेपर्यंत ते मंजूर झालं नाही. म्हणजे टाकणाऱ्याचं काय करायचं हे नक्की आहे. जिथे टाकलं त्या जागेचं काय, ते 'शकेल'वर आहे.

'अस्तु' जवळ येतो, पण

या सगळ्यात मला सगळ्यात उपयोगी पडला तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्याच जोडीचा 'अस्तु'. सिनेमा २०१३चा, थिएटरमध्ये सगळ्यांना बघायला मिळाला २०१६ला. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे विद्वान, स्मृती गेलेली. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून खरेदीला उतरते, त्यांना रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते हत्तीच्या मागे निघून जातात. शास्त्रींच्या भूमिकेत मोहन आगाशे आहेत, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. इरावती हर्षेची इरा मुलगी म्हणून कमी पडते का, हा प्रश्न सिनेमा विचारतो, पण तिला पिंजऱ्यात उभं करत नाही. ती दमलेली आहे, आणि दमणं हा गुन्हा नाही, एवढं तरी मराठी पडद्यावर आलं.

आणि मग चन्नम्मा येते. माहुताची कन्नड बोलणारी बायको. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्री कोण, त्यांचा व्यासंग केवढा, हे तिला माहीत नाही. तिला समोर एक भुकेलं, गोंधळलेलं माणूस दिसतं आणि ती त्याला लेकरासारखं सांभाळते. शास्त्रींना ती आई वाटते. चांगली काळजी कशी दिसते हे मी मराठीत पहिल्यांदा इथे पाहिलं. ती दुरुस्त करत बसत नाही. 'असं नाही हो आजोबा' म्हणत नाही. घाई करत नाही. पुढे चारही ठिकाणी मी नकळत हेच बघत होतो: जेवण भरवणारा हात थांबतो का, की आधीचा घास गिळायच्या आत दुसरा पुढे येतो?

पण इथेच माझं 'अस्तु'शी भांडण आहे. चन्नम्माची काळजी ही एक देणगी आहे. ती अचानक येते, फार थोडा वेळ असते आणि फुकट असते. 'नटसम्राट'मध्ये घरच्यांनी सोडलेल्या बेलवलकरांना बूटपॉलिश करणारा राजा जवळ करतो. 'अस्तु'मध्ये शास्त्रींना माहुताची बायको. ४० वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे तेच घडतं: मध्यमवर्गीय म्हाताऱ्याला सांभाळायला एक गरीब, परकं, मोठ्या मनाचं माणूस कुठून तरी येतं. आपण काळजी हा सद्गुण करून ठेवला. एकदा सद्गुण म्हटलं की पगार, सुट्टी, ट्रेनिंग, एका माणसामागे किती पेशंट, हे प्रश्न क्षुद्र वाटायला लागतात.

खऱ्या आश्रमात चन्नम्माची बारा तासांची ड्युटी असते. आम्हाला भेटलेले बरेचसे मामा आणि मावशी नांदेड, हिंगोली, लातूरकडचे होते. पहिल्या दिवशी प्रेमाने भरवणं सोपं आहे. चारशेव्या दिवशी, शेजारचे काका रात्रभर ओरडत असताना, तोच हात तसाच थांबेल का, हा खरा दर्जा. आणि तो त्या माणसाच्या मनावर जितका अवलंबून आहे तितकाच त्याला आठवड्याची सुट्टी मिळते का यावर.

ब्रोशर कुणासाठी लिहिलंय

पुण्यात या जागांची रेंज मोठी आहे. नवी पेठेतल्या 'निवारा'सारखी एकोणिसाव्या शतकातली धर्मादाय परंपरा आहे. हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांनी स्वतंत्र फ्लॅट घेऊन राहावं अशा परांजपेंच्या 'अथश्री'सारख्या वसाहती आहेत. आणि बंगल्यांतून, सोसायट्यांतून चालणारी केअर होम्स आहेत, जिथे बाबांसारखी मदत लागणारी माणसं राहतात. नावात 'होम' असलं तरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला प्रश्न हाच: आत्ता लागणारी मदत इथे मिळते का, आणि उद्या वाढली तर ठेवतील की निघा म्हणतील?

ब्रोशर मात्र सगळ्यांची सारखी. बाग, देवघर, भजन, 'घरासारखं वातावरण', रिसेप्शनला सोफा. गूगलवरचे रिव्ह्यूही वाचले. जवळजवळ सगळे मुला-मुलींनी लिहिलेले: स्टाफ नम्र आहे, फोटो वेळेवर पाठवतात. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा, आणि रेटिंग देतो तो पैसे देणारा. अशा वस्तूचा दर्जा कुठल्या दिशेने घसरतो हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

'असिस्टेड लिव्हिंग' ही कल्पना मुळात याच्या नेमकी उलट होती. अतुल गावंदे यांच्या 'बीइंग मॉर्टल' (२०१४) या पुस्तकात तिची गोष्ट आहे. गावंदे अमेरिकेतले सर्जन, वडील आपल्याकडच्या उटी गावचे. केरन विल्सन नावाच्या बाईंच्या आईला पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि तिची पुढची वर्षं नर्सिंग होममध्ये गेली. आईच्या मागण्या साध्या होत्या: स्वतःची खोली, स्वतःचं छोटं स्वयंपाकघर, आतून लावता येईल असं दार. विल्सन यांनी १९८३ मध्ये पोर्टलंड शहरात तशी जागा उभी केली. पुढे नाव पसरलं आणि अर्थ पातळ झाला, कारण जागा निवडायला मुलं येतात, आणि मुलं आधी सुरक्षितता बघतात. स्वतःसाठी आपल्याला मोकळीक हवी असते आणि आई-बाबांसाठी सुरक्षितता.

तिसऱ्या ठिकाणी हे मी समोर पाहिलं. बाबांनी मॅनेजरला विचारलं, "मला पहाटे पाचला चहा लागतो. माझा मी केला तर चालेल?" त्यांना डाव्या हाताने इलेक्ट्रिक किटली वापरता येते. मॅनेजरने उत्तर मला दिलं. "सर, सेफ्टीच्या दृष्टीने आपण किटली अलाऊ करत नाही. चहा सकाळी सातला आणि दुपारी चारला असतो." बाबा व्हीलचेअरवर माझ्यापासून दोन फुटांवर होते. जागा चकाचक होती.

मग बघायचं काय

सिडनी काट्झ या डॉक्टरांनी १९६३ मध्ये रोजच्या जगण्यातली सहा कामं मांडली, जी आजही जगभर वापरतात: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. मी ब्रोशर बाजूला ठेवून या सहांवर प्रश्न विचारत गेलो. आंघोळ कोण घालतं, बाई की पुरुष, आणि निवडता येतं का? डायपर गरज म्हणून लावतात की स्टाफ कमी म्हणून? जे चालू शकतात त्यांना रोज चालवतात का? अंथरुणाला खिळलेल्यांना साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर बेडसोर होतात. ते कोण करतं आणि कुठल्या वहीत लिहितं? ती वही दाखवाल? एका ठिकाणी वही होती आणि तिच्यात पुढच्या दोन रात्रींच्या नोंदी आधीच भरलेल्या होत्या.

बेल कुठे आहे तेही बघितलं. बहुतेक ठिकाणी ती असते, पण वायर वरच्या खिळ्याला गुंडाळलेली. पलंगावर पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. दुपारी अकराची अपॉइंटमेंट घेऊन गेलात तर हे दिसणार नाही. संध्याकाळी सातनंतर, न सांगता जा. सोडतात की नाही, इथूनच कळायला सुरुवात होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रात्रपाळीला कोण आहे? किती जण, किती पलंगांमागे, किती महिने टिकलेत, झोपायला कुठे? नाव काय त्यांचं? दोन मॅनेजरना नाव सांगता आलं नाही.

चौथं ठिकाण जुन्या बंगल्यात आहे. भिंतींना ओल आहे, बाग नावालाच. तिथल्या सिस्टरनी बाबांचा पाचच्या चहाचा प्रश्न बाबांकडे बघून ऐकला. म्हणाल्या, "काका, किचन तेव्हा बंद असतं. पण रात्रपाळीचे मामा त्या वेळेला स्वतःसाठी चहा टाकतात. त्यांना सांगते, तुमचाही ठेवतील." मग त्यांनी मामांचं नाव सांगितलं, आणि ते तीन वर्षं तिथेच आहेत हेही.

हे ठिकाण आदर्श नाही. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येतो, डॉक्टर फोनवर असतात, लिफ्ट नाही. रॅम्प आहे पण उभा आहे, आणि तो मी इंचांत मोजून आलोय. बाबा पुढच्या सोमवारपासून एक महिना तिथे राहून बघणार आहेत. महिन्याने ठिकाणाला मार्क त्यांनी द्यायचे, मी नाही, असं आमचं ठरलंय. त्यांनी टूलरूममधली जुनी डायरी काढून ठेवली आहे. पहिल्या पानावर डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय: बेल वाजवली – वेळ, कोण आलं – वेळ.