गाठ मारणारे हात

कापड बघणाऱ्याला रंग दिसतो. साच्यावर तुटलेला धागा कुणी जोडला, ते दिसत नाही. पुस्तकाचंही तसंच असतं, मित्रांनो.

टोनी मॉरिसन म्हटलं की आपण १९९३ चं नोबेल सांगतो. पण ही काळी बाई आधी कॉलेजात शिकवायची, मग पाठ्यपुस्तकांची संपादक झाली, मग १९८३ पर्यंत न्यूयॉर्कच्या रँडम हाऊसमध्ये पुस्तकांची. दोन पोरं एकटीनं वाढवली. पहाटे उठून स्वतःची कादंबरी, दिवसा दुसऱ्यांची हस्तलिखितं. अँजेला डेव्हिस आत्मचरित्राला तयार नव्हती. तिला लिहितं केलं, १९७४ ला पुस्तक आलं. १९७५ ला गेल जोन्सची 'कॉरेगिडोरा' आणली.

१९७४ चंच 'द ब्लॅक बुक' घ्या. गुलामविक्रीच्या जाहिराती, फोटो, गाणी, काळ्या माणसांनी लावलेले शोध, कात्रणं. मुखपृष्ठावर मॉरिसनचं नाव नाही. पण मार्गारेट गार्नर या आईनं पोटची पोर गुलामीत परत जाऊ नये म्हणून मारली, त्याचं १८५६ चं कात्रण त्यात आहे. त्यातूनच १९८७ ची 'बिलव्हेड' उगवली.

कुणी म्हणेल, संपादकीत लेखिकेचा वेळ गेला. मला पटत नाही. दुसऱ्यांसाठी उकरलेल्या मातीतच तिला स्वतःचं बी सापडलं.

तरी खुर्ची मालकाची होती. आपलं माणूस खुर्चीत बसलं म्हणून छापखाना आपला होत नाही. आणि छापखाना आपला झाला तरी पुढं काय? लिहिणारे आपल्यात ढीगभर आहेत. दुसऱ्याचं पान जीव लावून वाचणारा, नाव न मागता गाठ मारणारा कोण?