चार उदाहरणांवर बांधलेला नियम

स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज संख्येइतकीच आली, तर ती संख्या परिपूर्ण, उदा. ६ = १ + २ + ३. बेरीज कमी आली तर संख्या न्यून (उदा. ८), जास्त आली तर विपुल (उदा. १२). हे वर्गीकरण निकोमाकस या ग्रीक लेखकाने इ. स. १०० च्या सुमारास आपल्या अंकगणितावरील ग्रंथात मांडले. बोएथियसच्या लॅटिन रूपांतरामुळे तो ग्रंथ युरोपात शतकानुशतके शिकवला गेला.

वर्गीकरण निर्दोष आहे. प्रत्येक संख्या तीनपैकी एकाच वर्गात बसते. विपुल संख्येला अनेक तोंडांच्या प्राण्याची आणि परिपूर्ण संख्येला सद्गुणाची दिलेली उपमाही आम्ही सोडून देऊ. आमची तक्रार वेगळी आहे. ६, २८, ४९६, ८१२८ या चारच संख्या पाहून निकोमाकसने सुचवले, की प्रत्येक अंकसंख्येत एकच परिपूर्ण संख्या असते आणि शेवटी ६ व ८ आळीपाळीने येतात. सिद्धता दिली नाही.

खरे तर युक्लिडने त्याच्या चारशे वर्षे आधी सिद्धतेसह रीत दिली होती. १, २, ४, ८... मिळवत जावे, बेरीज मूळ संख्या आली की तिला शेवटच्या पदाने गुणावे. १ + २ + ४ = ७ आणि ७ × ४ = २८. सात पदांनी ८१२८ मिळते. पुढे आठ ते बारा पदांच्या बेरजा मूळ नाहीत. अकरा पदांची २०४७ फसवी दिसते, पण ती २३ × ८९ आहे. तेरा पदांची बेरीज ८१९१ मूळ आहे (वर्गात ८९ पर्यंतच्या २४ मूळ संख्यांनी भागून पाहावे). ८१९१ × ४०९६ = ३,३५,५०,३३६. पाचवी परिपूर्ण संख्या एकदम आठ अंकी! पाच, सहा आणि सात अंकांच्या जागा रिकाम्याच राहिल्या.

ती ६ ने संपते, त्यामुळे दुसरा नियम टिकल्यासारखा वाटतो. पण सतरा पदांची सहावी संख्या ८,५८,९८,६९,०५६ हीदेखील ६ नेच संपते. कारण सोपे आहे. ६ नंतरच्या या संख्यांत पदसंख्येला ४ ने भागून बाकी १ उरली तर शेवटी ६ येतो, ३ उरली तर ८. ५ आणि ७ ची बाकी वेगळी येते. १३ आणि १७ ची सारखीच. म्हणजे शेवटी ६ किंवा ८ येणे खरे, आळीपाळी हा योगायोग.

निकोमाकसचे आणखी एक विधान होते: परिपूर्ण संख्या नेहमी समच असतात. २०२४ पर्यंत सापडलेल्या सर्व ५२ सम आहेत, पण विषम असूच शकत नाही हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. म्हणून फळ्यावर 'परिपूर्ण संख्या सम असतात' असे न लिहिता 'आजवर सापडलेल्या सम आहेत' असे लिहावे. चारांच्या जागी बावन्न उदाहरणे आली, म्हणून सिद्धता होत नाही.